गंगुबाईच्या हातची झोप

मिरजोळ्यात आणि खाली रत्नागिरी शहराच्या निम्म्या आळ्यांतून कुणाच्या घरी बाळंतीण आली की पहिला निरोप गंगुबाईला जायचा. मुलगा की मुलगी, वजन किती, नाव काय ठेवणार, ह्या चौकशा मागाहून. आधी गंगुबाईला सांगून ठेवा, नाहीतर ती दुसऱ्या घरी लागेल, ही घाई. आणि ती खरोखरच दुसऱ्या घरी लागली तर पोराच्या आजीचं तोंड बघण्यासारखं व्हायचं.

गंगुबाई न्हाऊ घालणारी. बाळाला आणि बाळंतिणीला तेल लावायचं, अंग रगडायचं, कढत पाण्याने न्हाऊ घालायचं, ओव्या-वेखंडाची धुरी द्यायची, बाळाला दुपट्यात गच्च बांधून आईच्या कुशीत ठेवायचं आणि पडवीत बसून कपभर चहा पिऊन पुढच्या घरी निघायचं. गुहागरकडून लग्न होऊन आली तेव्हा तिला यातलं काही येत नव्हतं. सासू सोनूबाई हे काम करायची, तिच्यामागून पाण्याचे हंडे उचलता उचलता ही शिकली. पुढे नवरा लवू, बर्फाच्या कारखान्यात कामाला असायचा, तो छातीच्या दुखण्याने गेला आणि पदरात एक लहान मुलगी राहिली. मग शिकलेलं कामच पोटाला आलं.

बाई काटक होती आणि तोंडाने फटकळ. शहाणपणा करणाऱ्या आज्यांना ती सरळ न्हाणीच्या बाहेर काढायची. पण एकदा का पाटावर पाय लांब करून बसली, लुगडं गुडघ्यापर्यंत ओढून घेतलं आणि बाळ नडग्यांवर पालथं टाकलं, की तिचं तोंड बंद व्हायचं आणि हात बोलायला लागायचे. बाळ आधी भोकाड पसरायचं, मग हुंदके द्यायचं, मग धुरीच्या उबेत डोळे मिटायचं, ते पार दुपार कलेपर्यंत. रात्र रात्र जागलेली आई तेवढ्यात जेवून घ्यायची, आडवी व्हायची. बायका त्याला ‘गंगुबायच्या हातची झोप’ म्हणायच्या. ती झोप हीच तिची कमाई होती. एखादं पोर लवकर उठलं असं कानावर आलं तर तिला ते लागायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्या पोराची जास्त रगडपट्टी व्हायची.

म्हणून तिचा एक कायदा होता. झोपलेल्या बाळाला कुणी उठवायचं नाही. झोपेत पोर वाढतं, झोपेत सटवाई त्याला हसवते, खेळवते, त्यात माणसाने हात घालू नये. पाजायची वेळ झाली म्हणून बाळाला हलवणाऱ्या नव्या आयांना तिने किती वेळा झापलं असेल. "भूक लागली की उठल ता. त्याला काय तोंड नाय?" आणि गंमत अशी की तिचं खरं ठरायचं. दिवस भरलेली, धडधाकट पोरं भुकेला उठतातच. वर्षानुवर्षं ती उठत राहिली, आणि गंगुबाईला आपलं कधी चुकेल असं वाटायचं काही कारणच उरलं नाही.

तिची मुलगी योगिनी. बी.कॉम. झाली, आणि लग्न करून नालासोपाऱ्याला गेली. जावई नितेश लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता, शांत, कमी बोलणारा. योगिनीचा पहिला गर्भ तिसऱ्या महिन्यात पडला आणि दुसरा सहाव्यात. दुसऱ्या वेळी गंगुबाई मुंबईला जाऊन आली, मुलीच्या उशाशी बसून राहिली, आणि परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी कुणाच्या तरी नातवाला न्हाऊ घालायला गेली. तिथे कुणी विचारलंच, "तुमच्या योगिनीचं काय झालं हो?" गंगुबाईने मान वर केली नाही. "पाणी निवला," म्हणाली. "दुसरा आणा."

सगळ्या गावाची पोरं आपल्या नडग्यांवरून गेली, आपल्या मुलीचं एक पोर तेवढं आलं नाही, हे तिला आतून खात होतं. ती ते बोलायची नाही. वाडीच्या देवळात नारळ ठेवायची, एवढंच.

तिसऱ्या वेळी दिवस टिकले. पण त्यांच्यासोबत साखर आली. गरोदरपणातला मधुमेह, वरून रक्तदाब. योगिनी सातव्या महिन्यात माहेरी आली ती इन्सुलिनची पेनं घेऊनच. जेवायला बसण्याआधी पोटाला सुई टोचून घ्यायची. गंगुबाई तेव्हा भिंतीकडे बघायची. घरातला भात कमी झाला, गूळ डब्यात गेला, नाचणीची भाकरी सुरू झाली. शहरातल्या ज्या दवाखान्यात नाव घातलं होतं तिथल्या डॉक्टरीणबाई प्रत्येक तपासणीला सांगायच्या, जोखमीचं बाळंतपण आहे, जपा. त्या म्हणाल्या, बाळ वजनाला मोठं असेल. गंगुबाईने एवढं नीट ऐकलं. मोठं म्हणजे गुटगुटीत. तिचा जीव हरखला.

"आणि जन्मल्यावर त्याची साखर खाली जाऊ शकते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आवशीला साखर जास्त, मग पोराला कमी कशी पडल?" गंगुबाईने विचारलं. प्रश्न काही वेडा नव्हता.

बाईंनी समजावून सांगितलं. पोटात असताना आईची जास्तीची साखर नाळेतून बाळाकडे जाते. ती जिरवायला बाळाचं अंग भरपूर इन्सुलिन करायला शिकतं. नाळ कापली की वरून येणारी साखर एकदम बंद, पण आतलं इन्सुलिन चालूच. मग रक्तातली साखर झपाट्याने उतरते, आणि फार उतरली तर मेंदूला इजा होते. म्हणून जन्मल्यावर तासाभरात दूध, त्यानंतर दर दोन-तीन तासांनी, पहिला पूर्ण दिवस. टाचेतून थेंबभर रक्त घेऊन साखर बघत राहायची. "आणि झोपलं असलं तरी उठवून पाजायचं. असं बाळ सुस्त असतं. ते भुकेने उठेल अशी वाट बघायची नाही."

गंगुबाईने मान डोलावली. तिने आयुष्यात बऱ्याच डॉक्टरांपुढे मान डोलावली होती आणि घरी जाऊन आपलंच केलं होतं.

रक्तदाब वाढायला लागला तसं दिवस भरण्याआधीच सिझेरियन ठरवलं. सकाळी मुलगा झाला. गोरापान, गालांच्या वळ्या पडलेला, खांदे हे एवढे. राजश्री सिस्टरने कापडात गुंडाळून गंगुबाईच्या हातात दिला, तेव्हा ती बाई, जिच्या हाताखालून गावची पोरं गेली, तिला क्षणभर बाळ कसं धरायचं तेच सुचेना. मग म्हणाली, "पैलवान हाय," आणि पदर डोळ्यांना लावला. नितेशला फोन केला. तो रात्रीच्या गाडीने निघणार होता.

राजश्री सिस्टरने टाचेला टोचून बघितलं. साखर कमीच होती, पण फार नव्हती. योगिनी भुलीत होती, तिला अजून दूध यायचं होतं, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं दूध वाटी-चमच्याने पाजलं. ते गंगुबाईनेच पाजलं, एक थेंब बाहेर न सांडता. पुन्हा टोचलं तर आकडा वर आला होता. त्यानंतरचं दूधही तिनेच वेळेवर पाजलं. "छान," सिस्टर म्हणाली. "पण परत उतरू शकते हां, मावशी. ह्यापुढेही उठवून पाजत राहा."

दुपारी खोलीत पंखा फिरत होता. योगिनीचा डोळा लागला होता, टाक्यांच्या कळा मारून औषधाने तिला झोपवलेलं. बाळही झोपलं होतं, मुठी उघड्या टाकून. गंगुबाई पाळण्याशी बसून त्याच्याकडे बघत होती. इतकी वर्षं जी झोप तिने दुसऱ्यांच्या घरी घातली, ती आज आपल्या घरी आली होती. तिच्या मनात काही वाईट होतं असं कुणी म्हणू नये. तिला फक्त सुख झालं होतं.

राजश्री सिस्टर ट्रे घेऊन आली. टाचेवर आधीच दोन-तीन लाल ठिपके होते. गंगुबाईने हात आडवा घातला.

"आत्ताच डोळा लागलाय गो त्याचा. मगाशी पाजलाय मी पोटभर. किती टोचशील? जरा नंतर ये."

"नक्की पाजलंत ना?"

"पाजला."

पाजलेलं नव्हतं. सकाळनंतर दूध तोंडाला लावलेलं नव्हतं. पण गंगुबाईला ते खोटं बोलणं वाटलंच नाही. शिकाऊ पोरींना, घाबऱ्या आयांना ती नेहमीच असं काहीबाही सांगून बाळापासून लांब ठेवत आली होती, आणि बाळांचं भलंच झालं होतं. सिस्टर घुटमळली. तेवढ्यात प्रसूतीच्या खोलीतून तिला हाक आली, कुणा बाईचं रक्त थांबत नव्हतं, सगळे तिकडे धावले. "येते मी परत," म्हणून ती गेली, आणि तिला लवकर यायला जमलं नाही.

योगिनी मध्येच जागी झाली. ओठ कोरडे पडले होते. "आई, त्याला पाजलंस?"

"झोपलाय गो. शांत झोपलाय. तू पण नीज."

योगिनी निजली. का निजू नये? रत्नागिरीत पोरं सांभाळण्यात जिचा हात कुणी धरत नव्हतं ती तिची आई होती. पुढे कितीतरी वेळा योगिनीला ही झोप आठवली आणि तिने स्वतःलाही त्यातून सोडलं नाही.

उन्हं उतरायला लागली तेव्हा बाळाचा हात थरथरला. गंगुबाईला वाटलं, स्वप्नात दचकलं. मग पाय थरथरला. तिने पावलं चाचपली, गार होती. तिने दुसरं दुपटं घातलं आणि तळहातावर तळहात घासून त्याचे तळवे चोळायला लागली. पोर गार पडलं तर हेच करायचं असतं, तिला हेच येत होतं. चोळताना तिच्या हातांना कळलं की हे अंग झोपलेल्या पोराचं नाही. झोपलेल्या पोराचा हात उचलला तर तो थोडा तरी आखडून घेतो. हा हात उचलून सोडला की पडत होता. बाळ बारीक आवाजात किंचाळलं, भुकेचं रडणं ते नव्हे. तिने घाईघाईने चमचा तोंडाला लावला. दूध ओठांच्या कोपऱ्यातून गळून मानेत गेलं.

मग त्याचे डोळे वर गेले आणि अंग एका बाजूने झटके द्यायला लागलं.

राजश्री सिस्टर धावत आली, तिच्या मागून बाळांचे डॉक्टर. टाचेला टोचलं. यंत्रावर आकडा आलाच नाही. साखर यंत्राला मोजता येण्याच्याही खाली होती. डॉक्टर शीर शोधता शोधता न बघता म्हणाले, "शेवटचं दूध कधी दिलं?"

खोलीत योगिनी जागी होती आणि आईकडे बघत होती.

"सकाळी," गंगुबाई म्हणाली.

"मावशी, तुम्ही तर मला..." राजश्री सिस्टर बोलायला लागली आणि तिने वाक्य अर्धंच सोडलं. बाळाला उचलून काचेच्या खोलीत नेलं.

नितेश दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला तेव्हा मुलगा नळ्यांमध्ये होता. ग्लुकोज चढत होतं, साखर वर आली होती, झटके मात्र थांबत नव्हते. तो काचेला हात लावून उभा राहिला. काय झालं ते त्याला योगिनीने सांगितलं. गंगुबाई व्हरांड्यात बाकावर बसून होती. तो तिच्या समोरून गेला, पाण्याची बाटली घेऊन परत आला, एक बाटली तिच्याही शेजारी ठेवली. त्याबद्दल शब्दाने बोलला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर तिला जगणं सोपं गेलं असतं.

पोर वाचलं. कोल्हापूरला नेऊन डोक्याचा फोटो काढला. मेंदूचा मागचा भाग, जिथे दिसण्याचं काम चालतं, तो जळाल्यासारखा झाला होता, बाकीही ठिकठिकाणी इजा होती. किती भरून येईल ते आत्ता सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाले. त्या ‘सांगता येत नाही’वर गंगुबाईने पुढची दोन वर्षं काढली.

बारसं झालं नाही. नितेशने नाव सांगितलं, गुरुप्रसाद, म्हणून ते ठेवलं.

योगिनी बरेच महिने माहेरीच राहिली. गंगुबाई नातवाला रोज न्हाऊ घालायची. तिची पक्की समजूत होती की हातांनी गेलेलं हातांनीच परत येईल. सिव्हिलजवळच्या व्यायामाच्या ताईंनी शिकवलेले पायांचे, मानेचे प्रकार तिने मुकाट्याने शिकून घेतले, उलट एक प्रश्न विचारला नाही. कुणी सांगितलं बदामाचं तेल, बदामाचं आणलं. कुणी सांगितलं अमक्या देवाचा अंगारा, तोही टाळूला लावला. मान धरेल, मग बसेल, मग आवाजाकडे वळेल. शेजारच्या घरी त्याच महिन्यात जन्मलेली पोरगी पडवीतून चालत येऊन त्याच्या चटईशी उभी राहायची आणि त्याचा पाय ओढायची. गुरू छताकडे डोळे लावून पडलेला असायचा. डोळे छताकडे होते, छत त्याला दिसत नव्हतं.

दोन वर्षांचा झाला तेव्हा डॉक्टरांनी योगिनीला समोर बसवून सरळ सांगितलं. तो चालणार नाही. बोलेल असं वाटत नाही. फिटची औषधं कायम. घास बारीक करून भरवायचा, ठसका लागू न देता, हेच आता महत्त्वाचं. गंगुबाई दाराशी गुरूला खांद्यावर घेऊन उभी होती. तिने ऐकलं आणि या वेळी मान डोलावली नाही. घरी येऊन तिने नेहमीसारखं पाणी तापवलं.

या काळात तिचं बाहेरचं काम चालू होतं, पण ती बदलली होती. न्हाऊ घातल्यावर बाळाला झोप लागली की ती निघायची नाही. बसून राहायची. चहा निवायचा. मग मध्येच उठून बाळाच्या तळव्याला टिचकी मारायची, पुन्हा मारायची, ते रडून उठेपर्यंत. "पाज त्याला," आईला म्हणायची. "माझ्यासमोर पाज." नम्रता म्हणून खालच्या आळीतली सून होती, तिची मुलगी पूर्ण दिवसांची, धडधाकट, काही म्हणता काही झालेलं नव्हतं. गंगुबाईने तिला एका सकाळी तीनदा उठवून रडवलं. नम्रताची सासू म्हणाली, "अगो गंगुबाय, पोरीला सुखाने निजू दे की. तूच ना म्हणायचीस, झोपेत पोर वाढतं?" गंगुबाई तिच्याकडे बघत राहिली. मग खाली वाकून तिने चौथ्यांदा टिचकी मारली.

दुसऱ्या दिवसापासून येऊ नको असा निरोप आला. हळूहळू बाकीच्यांचेही आले. गंगुबायच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं काही जण म्हणायचे. काही जण आवाज खाली करून दुसरं म्हणायचे, स्वतःच्या नातवाचं काय केलंन ते ठाऊक आहे ना? दोन्ही गोष्टी तिच्या कानावर आल्या. ज्या घरांनी एकेकाळी तिच्यासाठी बारशाची तारीख पुढे ढकलली होती, त्या घरांसमोरून ती आता रेशनची पिशवी घेऊन खाली बघून जायची.

नितेशची कंपनी त्याला इकडे पाठवणार नव्हती, आणि नवरा तिकडे, बायको इकडे हे किती दिवस चालणार? योगिनी नालासोपाऱ्याला जाऊन-येऊन राहायला लागली. गुरूला तिकडे तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत ठेवून पाहिलं, दगदगीने फिट वाढल्या, परत आणला. मग एक दिवस फोनवर तिने सांगितलं, दिवस राहिलेत. साखर या वेळी पहिल्यापासूनच आहे.

गंगुबाईने त्या दिवसापासून तयारीला सुरुवात केली. ओवा निवडला, वेखंड आणलं, घाण्यावरचं खोबरेल भरून ठेवलं, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली. या वेळी आपण काय काय करू हे ती गुरूला भरवताना मोठ्याने बोलायची. घड्याळ बघून पाजू, टोचायला स्वतः पाय धरून देऊ, डोळ्याला डोळा लागू देणार नाही. नववा लागण्याच्या सुमारास तिने पिशवी भरून विचारलं, "कधी येऊ?"

"तू नको येऊस, आई," योगिनी म्हणाली. "गुरूला कोण बघणार?"

बोलणं बरोबरच होतं. गुरूला घास भरवायचं कसब योगिनी सोडली तर एकट्या गंगुबाईकडे होतं. वाद घालायला जागा नव्हती. तिने पिशवी पुन्हा उपसून ओवा-वेखंड डब्यात भरून ठेवलं.

मुलगी झाली. नितेशचा मेसेज शेजारच्यांनी वाचून दाखवला. गंगुबाईने फोन लावला, तो योगिनीनेच घेतला, आवाज थकलेला पण जागा होता. कशी दिसते, कोणावर गेली, हे काही गंगुबाईच्या तोंडून निघेना.

"पाजलंस तिला?"

"हो."

गंगुबाई फोन कानाला तसाच धरून राहिली.

"खरंच पाजलंय, आई," योगिनी म्हणाली.

मुलीचं नाव अक्षया ठेवलं. तिची साखर पहिल्या दिवशी एकदा उतरली, लगेच वर आणली, मग पुन्हा उतरली नाही. पोर बघता बघता हसायला लागली, आवाजाकडे वळायला लागली, हात दिसला की तोंडात घालायला लागली. हे सगळं गंगुबाईने फोनच्या छोट्या पडद्यावर बघितलं, पदराने पडदा पुसून पुसून.

तीन महिन्यांची झाल्यावर ती तिघं चार दिवसांसाठी आली. आंब्याचा हंगाम होता, रस्त्याने खोक्यांचे टेम्पो धावत होते. योगिनी आल्या आल्या गुरूच्या चटईवर जाऊन बसली, त्याचं डोकं मांडीवर घेऊन बराच वेळ त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली, त्याच्या कानाशी काहीबाही बोलली. तो नेहमीसारखाच पडला होता. अक्षया नितेशच्या खांद्यावर होती. गंगुबाई पुढे झाली तसा तो म्हणाला, "झोपेला आलीय," आणि तिला घेऊन अंगणात गेला.

संध्याकाळी योगिनी स्वयंपाकघरात आली. ओट्याला टेकून उभी राहिली.

"आई, गुरू तुझ्याकडेच राहू दे. मला दोघांचं नाही होणार गं. नितेश महिन्याला पाठवेल."

"राहू दे," गंगुबाई म्हणाली. ती भाकरी थापत होती. "तो माझ्याजवळच बरा हाय."

"तू मनाला लावून घेऊ नकोस. मी तुला कधी काही बोललेय का?"

"नाय."

"मग."

योगिनी आणखी काही बोलेल म्हणून गंगुबाईने तव्यावरची भाकरी करपू दिली. योगिनी ताटं घेऊन बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगुबाई सगळ्यांआधी उठली. न्हाणीची चूल पेटवली, पाणी तापवलं, पाट धुऊन ठेवला, खोबरेलाची वाटी निखाऱ्याजवळ कोमट होत ठेवली. कुणी काही म्हटलं नव्हतं, पण पाणी तरी आपण तापवावं असं तिला वाटलं. मग ती गुरूचं करायला आत गेली. त्याचं तोंड पुसत असताना न्हाणीतून ठोकण्याचा आवाज आला. त्या दाराला कडी होती, पण तिचा नवरा लवू गेल्यापासून ती कुणी लावलीच नव्हती, खारट हवेत गंजून जागच्या जागी बसली होती. योगिनी ती दगडाने ठोकून मोकळी करत होती. चार-पाच ठोके पडले, मग लोखंड करकरलं आणि कडी सरकली.

गंगुबाई गुरूला उचलून घेऊन आली आणि न्हाणीच्या दाराबाहेर पाय लांब करून बसली. त्याला नडग्यांवर घेतला. तो आता लांब झाला होता, पाय खाली लोंबत होते. आत पाणी ओतल्याचा आवाज झाला आणि अक्षया रडायला लागली, छाती भरून, रागावून. धडधाकट पोराचं रडणं कसं असतं हे गंगुबाईपेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार? योगिनीला न्हाऊ घालायची सवय नव्हती. पाणी एकदम पडत होतं, पोर हातातून निसटत असावं.

"योगिनी, मानेखाली हात धर गो," गंगुबाई दाराला म्हणाली.

"धरलाय."

"कानात जाईल पाणी. पालथी घे आधी."

पुन्हा तांब्या बुडाला, पुन्हा पाणी पडलं, अक्षया आणखी मोठ्याने रडली. गंगुबाईचे हात गुरूच्या पाठीवर होते. तिने दाराला हळूच ढकलून पाहिलं. ते हललं नाही.

थोड्या वेळाने कडी निघाली. योगिनी ओल्या साडीने बाहेर आली, टॉवेलात गुंडाळलेली, लालबुंद, टक्क जागी असलेली मुलगी छातीशी धरून. आईचे आणि मुलाचे पाय वाटेत होते, ते तिने सांभाळून ओलांडले आणि खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. न्हाणीत हंड्यात अजून बरंच कढत पाणी उरलं होतं. गंगुबाईने गुरूला काखेत धरून उठवलं आणि आत नेलं.